रिकामी आसने आणि प्रेक्षकाचे दायित्व

भग्नावशेषांत कलाकृती घडवली जाते, तेव्हा तेथील मृतांशी तिचे कोणते नाते असते? हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. एड्रियन मेबन दिग्दर्शित ‘पिंक फ्लॉइड: लाइव्ह अॅट पॉम्पेई’ (१९७२) हा संगीतपट या संदर्भात तपासण्याजोगा आहे.

ऑक्टोबर १९७१मध्ये या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाने पॉम्पेईच्या प्राचीन अॅम्फिथिएटरात प्रेक्षकांविना वादन केले. ‘वुडस्टॉक’ (१९७०) या चित्रपटात जनसमुदाय हाच नायक होता. येथे सुमारे वीस हजारांची आसनव्यवस्था रिकामी आहे. इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या नगरातील ही आसने मृतांचे अस्तित्व सूचित करतात, असा अर्थ सहज सुचतो. मात्र तो पुरेसा नाही.

ही आसने मुळात निष्पाप नव्हेत. इ. स. पूर्व ७०च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूत ग्लॅडिएटरांच्या झुंजी होत. इ. स. ५९मध्ये येथेच पॉम्पेईकर आणि शेजारच्या न्यूकेरियाचे नागरिक यांच्यात दंगल होऊन माणसे मारली गेली. सिनेटने अशा मेळाव्यांवर दहा वर्षे बंदी घातल्याचे टॅसिटसने नोंदवले आहे. म्हणजे उद्रेकापूर्वीही येथे मृत्यू होता आणि तो पाहणारेही होते. निसर्गकोपाविषयीची आपली करुणा या इतिहासाला झाकून टाकते.

चित्रपट हा इतिहास उच्चारत नाही. लाव्हा, वाफा, भित्तिचित्रांतील मुद्रा यांची जुळणी तो संगीताच्या लयीने करतो. काही रचना तर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाल्या आहेत. अवशेष साक्षी न राहता नेपथ्य होण्याचा धोका येथे उघड आहे.

तरीही त्या रिकामेपणाला नैतिक मूल्य आहे. जुलै २०१६मध्ये डेव्हिड गिलमोरने याच ठिकाणी प्रेक्षकांसमोर वादन केले, तेव्हा ही वास्तू पुन्हा रंजनस्थळ झाली. १९७१मध्ये मात्र तेथील जागा कोणालाच बहाल झालेली नव्हती. ‘एकोज’च्या आरंभी कॅमेरा दुरून, वरून वादकांकडे हळूहळू सरकतो. ती दृष्टी पडद्यापुढील आस्वादकाची असते. मरण जेथून पाहिले गेले, त्याच अंगाने तो आता संगीत पाहतो.

मृतांची अनुमती मिळवता येत नाही. तिच्या अभावी दायित्व आस्वादकाकडे येते: आपल्या आनंदासाठी कोणाचे मौन वापरले गेले, हे जाणण्याचे. या जाणिवेने आनंद नाहीसा होत नाही. त्याची निरागसता तेवढी संपते.