ऊर्जासंक्रमण आणि मनुष्यऋण

कोळशावरची वीज सोडून सूर्य आणि वारा यांच्यापासून मिळणाऱ्या विजेकडे वळणे, म्हणजेच ऊर्जासंक्रमण, हे पुढच्या पिढ्यांच्या हिताचे आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही; प्रश्न आहे तो असा की, सर्वांच्या हितासाठी करायच्या कृत्याची झळ मोजक्या माणसांनीच सोसावी, हे धर्माला धरून आहे काय. २०१५ च्या पॅरिस कराराच्या उद्देशिकेत कामगारांसाठी ‘न्याय्य संक्रमणा’चा उल्लेख आहे, परंतु खाणकामगाराला जे द्यायचे ते दया म्हणून की देणे म्हणून, याचा निवाडा तत्त्वविचारालाच करावा लागतो.

या निवाड्याला भारतीय परंपरेतील ऋणकल्पना उपयोगी पडते. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांत मनुष्यऋणाची, म्हणजे इतर माणसांच्या देण्याची, भर पडते आणि ते आश्रय व अन्न देऊन फेडावे, असे सांगितले जाते. माणूस जन्मतःच इतरांचा देणेकरी असतो आणि देणे फेडणे हा उपकार नव्हे, हा या कल्पनेचा गाभा होय.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट असून तेथील वीज वापरणारे सर्वजण भोवतालच्या कोळसाखाणींतील कामगारांचे या अर्थाने ऋणी आहेत. भुयारी खाणीत छत सळईने ठोकून पाहिले जाते; आवाज खणखणीत आला तर दगड पक्का, पोकळ आला तर तो सुटलेला आणि कोसळण्याच्या बेतात, असे समजतात. हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या कामातून कानात मुरते आणि खाण बंद होताच त्याला बाजारात मोल उरत नाही. सौर प्रकल्पाला उभारणीच्या काळात पुष्कळ हात लागतात, परंतु त्यानंतर पॅनेल धुणे, गवत काढणे आणि राखण करणे एवढेच थोड्यांचे, बहुधा कंत्राटी काम शिल्लक राहते. शिवाय मोठे सौर प्रकल्प मुख्यतः राजस्थान-गुजरातेत उभे राहत असल्याने गेलेले काम आणि आलेले काम एका मुलखात नसते. मजुरी दिली की हिशेब मिटला, असे म्हणावे, तर मजुरी कष्टाच्या तासांची असते. छातीत साठलेली धूळ आणि छताखालचा रोजचा धोका तिच्यात धरलेला नसतो.

गीतेतील निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची आसक्ती सोडून कर्म करण्याचा, आधार घेऊन कामगाराने हा बदल निमूटपणे स्वीकारावा, असे कोणी म्हणेल. परंतु फलत्याग हे स्वतःसाठी स्वीकारण्याचे व्रत आहे, दुसऱ्याच्या पोटावर लादण्याचे नव्हे. उलट, खाणी चालू ठेवणे म्हणजे ऋणफेड, हेही खरे नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले; त्या दृष्टीने पाहता खाणकामगाराच्या मुलाला खाणीशीच बांधून ठेवणे हाही अन्यायच होय.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना आंबेडकरांनी डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या खाणी प्रत्यक्ष पाहिल्या आणि १९४४ च्या वटहुकुमाने खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर कर बसवून कामगार कल्याण निधी उभा राहिला; कोळशावर कामगाराचे देणे आहे, हे तेथे कायद्याने मान्य झाले. २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी कोळशावर उपकर बसला, परंतु २०१७ मध्ये त्याची जागा राज्यांच्या महसुली भरपाईसाठीच्या उपकराने घेतली. कोळशावरून गोळा होणारा पैसा असा दुसरीकडे वळू शकतो; म्हणून खाण बंद करण्याचा निर्णय ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी कायम आणि कंत्राटी अशा दोन्ही कामगारांचे निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि त्यांच्या मुलखातच नव्या कामाचे शिक्षण यांची तरतूद झालेली असली पाहिजे. ती न करता मिळवलेली वीज धुरापासून मुक्त असेल, ऋणातून मात्र मुक्त नसेल.