सेवेच्या नावाने धूर काढू नका

पोरांनो, सेवा करणाऱ्या माणसाला आपल्या भागात कुणी बोलत नाही. एवढं तरी करतात, म्हणून लोक गप्प बसतात. मी गप्प बसणार नाही. तुम्हाला अक्षर गिरवायला मी शिकवलं आहे. चूक दिसली की वहीवर लाल रेघ मारण्याचा माझा हक्क तुम्ही मोठे झालात म्हणून संपलेला नाही.

अहेरी, आलापल्ली, नागेपल्लीत तुमच्यापैकी कुणी निराधार म्हाताऱ्यांचा निवास सांभाळतं, कुणी अंथरुणाला खिळलेल्या डोकऱ्या-डोकरीची घरी जाऊन शुश्रूषा करतं, कुणी नेत्याच्या वाढदिवसाला फळं वाटायला जातं. तिघांनाही एकच सांगणं आहे. म्हाताऱ्या माणसाला जपताना त्याची हवा, त्याचं पाणी आणि त्याची जमीन तुम्ही खराब करत असाल, तर ती सेवा अर्धीच झाली.

अशाच एका निवासाच्या मागच्या बाजूला उभं राहून मी पाहिलं आहे. वापरलेले डायपर, हातमोजे, सलाईनच्या बाटल्या, गोळ्यांच्या पट्ट्या, थर्माकोलच्या ताटल्या, सगळं एका खड्ड्यात, आणि वर काडी लावलेली. वारा फिरला की तो काळा धूर सरळ खोलीत शिरतो. आत दम्याची म्हातारी खाटेवर बसून खोकते आहे. जन्मभर चुलीपुढे फुंकणी फुंकून तिची छाती आधीच कामातून गेलेली. सकाळी तिला दम्याचं औषध देणारे हात तुमचे, आणि संध्याकाळी तिला धूर देणारे हातही तुमचेच. याला मी निष्काळजीपणा म्हणतो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

डायपर म्हणजे कापूस, असं समजून तुम्ही तो जाळता. त्याचं बाहेरचं आवरण प्लास्टिकचं असतं आणि आत ओल शोषून फुगणारी रसायनाची भुकटी असते. पुरला तर तुमची नातवंडं म्हातारी होतील तरी तो मातीत तसाच राहील. प्लास्टिक खड्ड्यात जाळलं की ते अर्धवट जळतं, आणि त्यात क्लोरीनचं प्लास्टिक असेल तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. ती तयार होऊ नयेत म्हणून जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत दुसऱ्या कप्प्याचं तापमान 1050 अंशांच्या आसपास ठेवावं आणि वायू तिथे किमान दोन सेकंद राहावा, असं 2016 चे नियम सांगतात. तुमच्या खड्ड्यात ते तापमान कुठून येणार? पावसाळ्यात त्याच खड्ड्यातली राख आणि उरलेलं प्लास्टिक नाल्याने प्राणहितेत जातं. प्राणहिता पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे तुमची घाण एका गावापुरती राहत नाही.

उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच दंड ठरवून दिला आहे: साध्या प्रकरणात 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये. कचरा वेगवेगळा ठेवायचा आणि डायपर गुंडाळून द्यायचा, हेही त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत सांगितलं होतं. तुम्ही अनुदानाचे शासन निर्णय तोंडपाठ म्हणून दाखवता. मग हे नियम वाचायला कुणी अडवलं होतं?

आता फळं वाटणाऱ्यांकडे वळतो. पंचवीस माणसांना पंचवीस प्लास्टिकच्या पिशव्या, पंचवीस पाण्याच्या बाटल्या, पंचवीस चकचकीत डबे. फोटो झाला की गाडी निघाली. मागे उरलेला ढीग आवरायला त्या निवासातली एकटी मावशी. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च 2018 मध्ये निघाली, थर्माकोलच्या ताटल्या तेव्हाच बाद झाल्या. पळसाच्या पानांचा हा मुलुख, जिथे पत्रावळी लावणं हे घराघरातलं काम होतं, तिथे तुम्ही शहरातून थर्माकोल आणता आणि त्यावर म्हाताऱ्यांना जेवायला वाढता. द्यायचंच असेल तर केळी टोपलीत न्या आणि टोपली तिथेच ठेवून या. धुवून वापरता येतील अशा सुती चादरी द्या. भिंतीला धरायचे दांडे बसवून द्या. ज्याचा फोटो चांगला येत नाही, पण म्हाताऱ्याच्या रोज कामी येतं, ते द्या.

मी हे बोललो की तुमचं उत्तर ठरलेलं असतं: "गुरुजी, आधी माणूस, मग पर्यावरण. आणि पैसा कुठे आहे?" हे उत्तर चुकीचं आहे. माझ्या तोंडून नको, आपल्याच मुलखातून ऐका.

वरोऱ्याकडे बघा. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती उभी केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन वसवलं. सुरुवातीला सोबत होते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि हातात 14 रुपये. तुमच्याकडे आज त्याहून कमी आहे का? बोटं झडलेल्या माणसांनी तिथे विहीर खोदली, शेत पिकवलं, झाडं लावली. पुढे डॉ. विकास आमट्यांच्या काळात टाकाऊ टायरांपासून बंधारे झाले, प्लास्टिकचा टाकाऊ माल उशा-गाद्यांत गेला, सामुदायिक शौचालयांवर बायोगॅस चालला, लाकूड-लोखंड वाचवणारी कमानीच्या छताची घरं उभी राहिली. कुष्ठरोगातून बरे झालेल्या थकल्या माणसांसाठी तिथे स्नेहसावली आहे, वृद्धांसाठी उत्तरायण आहे. ज्यांना समाजाने टाकून दिलं, त्यांनी टाकलेल्या वस्तू कामाला लावल्या. माणूस आणि पर्यावरण यांत तिथे आधी-मग असा वाद झाला नाही. काटकसर, स्वच्छता आणि स्वाभिमान ही तिन्ही कामं एकाच हाताने झाली.

आणखी जवळ बघा. आलापल्लीवरून भामरागडला जाणारा रस्ता तुम्हाला पाठ आहे. त्याच रस्त्यावर हेमलकसा. 1973 च्या डिसेंबरात तिथे लोकबिरादरी सुरू झाली तेव्हा वीज नव्हती, आणि पुढे कित्येक वर्षं नव्हती. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी तरीही माणसं बरी केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगांनी लोकांना विचारलं, तेव्हा लोकांनी सांगितलं की मोठ्या इमारतीची आम्हाला भीती वाटते. म्हणून शोधग्रामचा मां दंतेश्वरी दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या घडणीचा झाला. विचारलं म्हणून जमलं. तुम्ही तुमच्या म्हाताऱ्यांना काय विचारलंत?

त्यांना विचारलं असतं तर तुम्ही टिनाच्या पत्र्याखाली त्यांना झोपवलं नसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. पत्र्याखालची खोली भट्टी होते, आणि उतारवयात शरीराला ना घाम नीट येत, ना तहान लागत. मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर पडवी, अंगणात कडुनिंब, हे ज्ञान याच माणसांचं. पत्रा आता बदलता येत नसेल, तर त्यावर चुन्याचा पांढरा थर द्या, खाली बांबूच्या तट्ट्याचं छत लावा, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्या ओल्या ठेवा, प्रत्येक खाटेजवळ माठ ठेवा आणि दर तासाला पाणी पाजा. हे सगळं केल्यावरही उकडत असेल तर पंखा लावा, कूलर लावा. पण एवढं न करता थेट एसीची देणगी मागाल, तर लक्षात ठेवा: ती वीज बहुतांशी कोळशाची. आपल्या शेजारच्या चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे आणि त्याच्या राखेत जगणारी माणसंही म्हातारी होत आहेत.

इथे एक गोष्ट बजावून ठेवतो, कारण तुमच्यातले काही उत्साही उद्या उलट्या टोकाला जातील. पर्यावरण वाचवायचं म्हणून कुणा डोकरीला ओल्यात झोपवलंत, पाणी तोलून दिलंत, किंवा औषध कमी केलंत, तर मी तुम्हाला उंबरठ्यावर उभं करणार नाही. म्हाताऱ्याच्या गरजेत काटकसर करायची नाही. काटकसर करायची ती तुमच्या आळसात.

डायपरचंच घ्या. बरेच डायपर गरजेचे नसतात. ते तुमच्या सोयीचे असतात. चालता येणाऱ्या माणसालाही डायपर बांधता, कारण दर दोन-तीन तासांनी त्याला हाताला धरून शौचालयापर्यंत न्यायला कुणी नसतं. नेणारा माणूस नेमा. खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवा. शौचालयाच्या वाटेवर दिवा लावा, भिंतीला दांडा लावा. त्याने डायपर कमी होईल, पडून हाड मोडणं टळेल आणि माणसाची अब्रू राहील. जुन्या सुती लुगड्यांचे लंगोट शिवा; गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. जुलाब असेल, जखम असेल, संसर्ग असेल, तिथे डायपरच वापरा, पण तो नीट गुंडाळून, वेगळ्या डब्यात घालून नगरपंचायतीच्या गाडीत द्या. सुया जाड, झाकण असलेल्या डब्यात जमवा आणि उपजिल्हा रुग्णालयात विचारून तिथे द्या. मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत टाकू नका. जिथे गाडी येत नाही अशा गावात सेवा करत असाल, तर येताना ती पिशवी सोबत घेऊन या. जाताना औषधं नेता येतात, तर येताना कचरा का आणता येत नाही?

आणि आता सगळ्यात मोठी उधळपट्टी सांगतो, जी तुमच्या हिशेबातच नाही. अहेरीहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय शंभरावर किलोमीटर दूर. अंगाखाली जखम होऊन चिघळलेला, उन्हाने गळालेला, पडून मांडी मोडलेला म्हातारा गाडीत घालून तिथे न्यायचा, म्हणजे डिझेल, पुन्हा प्लास्टिक, पुन्हा औषधं, आणि त्या जिवाचे हाल वेगळे. दर दोन तासांनी कूस बदलली असती तर ती जखम झाली नसती. पाणी पाजलं असतं तर तो गळाला नसता. आजार टाळणं ही पर्यावरणाची सगळ्यात मोठी बचत आहे, आणि तिला लागतो तो फक्त जागा माणूस.

सेवेमुळे होणारं प्रदूषण कमी करण्याचं काम जगात सुरू झालं आहे. आरोग्यसेवांमुळे जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे 4.4 टक्के वायू बाहेर पडतात, असा अंदाज 2019 मध्ये मांडला गेला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने 2020 मध्ये जाहीर केलं की आमच्या थेट कामकाजातून होणारं उत्सर्जन 2040 पर्यंत निव्वळ शून्यावर आणू. दम्याच्या फवाऱ्याच्या पंपातला वायूही तिथे मोजला जातो, कारण तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आपल्याकडे कॅप्सूलमधली भुकटी ओढायचं साधन वर्षानुवर्षं सर्रास वापरात आहे, त्यात हा वायू नसतो. डॉक्टरांना विचारा, ज्याला ते चालत असेल त्याला द्या. ज्याला ओढायची ताकद नाही त्याला फवाराच द्या.

स्वयंपाकघराकडेही बघा. रोज घमेलंभर शिळा भात उकिरड्यावर जातो, कारण दात नसलेल्यांना तुम्ही कडक, तिखट अन्न वाढता. मऊ शिजवा, थोडं थोडं वाढा. खरकट्याचं खत करा, मोरीचं पाणी सांदवाडीत सोडा आणि तिथे भाजी लावा. ती कशी लावायची, हे तुम्हाला शिकवायला आतमध्ये खाटांवर माणसं बसलेली आहेत. जन्मभर मोह वेचलेली, तेंदूपत्ता तोडलेली, बांबूची सुपं विणलेली ही माणसं तुम्ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसवली आहेत. ज्याला जमेल आणि आवडेल त्याला पत्रावळी लावू द्या, रोपं सांभाळू द्या. सक्ती नाही, पण संधी तरी द्या. त्यांच्या हाताला काम नाही आणि तुमच्या डोक्याला ज्ञान नाही, ही दोन्ही दुखणी एकाच औषधाने बरी होतील.

सरकारलाही मी सोडत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीचा कायदा 2007 चा. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांची सोय होईल असं एक तरी निवासस्थान असावं, असं त्यात लिहिलं आहे. जिथे असं निवासस्थान उभं राहील, तिथे मातीच्या भिंती, सौर पाणी, बायोगॅस आणि कचऱ्याची सोय आराखड्यातच हवी. तो आराखडा मागणं हे तुमचं काम आहे. निवेदन लिहा, उपविभागीय कार्यालयात द्या, पोच घ्या. निबंध लिहायला मी तुम्हाला याचसाठी शिकवलं होतं.

गृहपाठ देतो. उद्या सकाळी तो खड्डा बुजवा. या आठवड्यात प्रत्येक म्हाताऱ्याजवळ बसून विचारा, त्याला काय हवं, काय नको, काय येतं. महिनाभर कचरा वजन करून वहीत लिहा, आणि ती वही घेऊन माझ्याकडे या. फुलं, शाल, नारळ काही आणू नका. वही बघितल्याशिवाय मी कुणाची पाठ थोपटणार नाही.