तेलाची बचत आणि शेजाऱ्याची भाकर



१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि काही महिन्यांतच तेलाचे भाव चौपट झाले. त्याची झळ आपल्या देशालाही बसली. १९७४ मध्ये मुंबई हायच्या समुद्रात तेल सापडले, १९७६ पासून ते निघू लागले आणि थोडा दिलासा मिळाला. पण त्या विहिरींचे उत्पादन आता उताराला लागले आहे. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या १०० पैकी ८५ हून अधिक भाग परदेशातून येतो. परमेश्वराने सर्व पिढ्यांसाठी दिलेला ठेवा दोन-चार पिढ्यांनी संपवावा, हे चांगल्या कारभाऱ्याचे लक्षण नव्हे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात अशा इंधनांचा वापर विनाविलंब कमी करत नेण्यास सांगितले आहे.

तेव्हा तेल कमी वापरावे याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच, की त्याची किंमत कोणी मोजायची?

हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. चाकणला २०१९ पासून विजेवरची चेतक तयार होऊ लागली. पुढे महिंद्राच्या विजेच्या मोटारीही आल्या. हे चांगलेच झाले. परंतु विजेच्या गाडीला पिस्टन लागत नाही, सायलेन्सर लागत नाही, स्पार्क प्लगही लागत नाही. भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये असलेच सुटे भाग करून कितीतरी घरांच्या चुली पेटतात. लेथवर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचे काम गेले, तर देशाची बचत त्याच्या ताटातून झाली असे म्हणावे लागेल.

मग बदल थांबवावा काय? नाही. तेल महागले की बसभाडे आणि भाजीपाला महागतो, आणि तो मार पुन्हा त्याच कामगाराला बसतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली शिकवले, की काम माणसासाठी असते. म्हणून यंत्र बदलण्याआधी माणसाला तयार करणे हा न्याय आहे, उपकार नव्हे. दहा कुमारींच्या दाखल्यातील शहाण्या कुमारींनी वेळ येण्याआधीच तयारी केली होती.

आपल्यात कारखानदार आहेत, सुपरवायझर आहेत, कंत्राटी कामगारही आहेत. आपण सारे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतो. मालकाने आपल्या माणसांना वेळीच कल्पना द्यावी आणि नवे काम शिकवावे. जाणत्याने शेजारच्या मुलाला हाताशी धरावे. आणि आपण सर्वांनी निदान मिस्साला येताना गाडीतली रिकामी जागा शेजाऱ्याला द्यावी. तेल वाचेल आणि शेजारीही दुरावणार नाही.

प्रभू आपणांस सुबुद्धी देवो.