केवळ इच्छा पुरे काय?

गेल्या उन्हाळ्यांत एका खेड्यांत जें घडलें तें अद्यापि आमच्या मनांतून जात नाहीं. शेळीमागें धांवतां धांवतां एक मुलगा मळ्यांतील विहिरींत पडला. काठावर बरींच माणसें जमलीं. त्यांतील एका तरुण शेतकऱ्यानें मागेंपुढें न पाहतां उडी टाकिली. त्यास पोहतां येत नव्हतें. मुलगा कपारीस धरून राहिला व पुढें वांचला. उडी टाकणारा मात्र बुडाला. मूठमातीच्या वेळीं आम्ही त्याच्या प्रेमाविषयीं पुष्कळ बोललों, आणि जें बोललों तें खोटें नव्हतें. परंतु निघतांना त्याची विधवा आम्हांस एवढेंच म्हणाली, "पाळकसाहेब, विहिरीवर दोर कां नव्हता?" मळ्यांत विजेचा पंप बसल्यापासून तेथें दोर कोणी ठेवीत नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें; पण तें कांहीं उत्तर नव्हे.

तेव्हांपासून एक प्रश्न आम्ही मनाशीं घोळवीत आहों. दुसऱ्यासाठीं जीव द्यावयास मनुष्य राजी आहे, एवढ्यानें तो त्या कामास पात्र होतो काय? ह्याचा विचार करितांना आम्हांस दूर देशाची एक हकीकत आठवते. ती येथें देतों, कारण तींतील माणसें आपल्यासारखींच साधीं होतीं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास, कॉर्नवॉल प्रांतांत, माउझल नांवाचें कोळ्यांचें लहानसें गांव आहे. बुडत्या जहाजांवरील लोकांस वांचविण्यासाठीं ब्रिटनांत १८२४ सालीं एक संस्था निघाली. ती लोकांच्या देणग्यांवर चालते, आणि तिच्या नावांवर जाणारे बहुतेक लोक आपापला धंदा संभाळून हें काम स्वखुशीनें करितात. माउझलजवळ पेनली येथें तिची 'सॉलोमन ब्राउन' नांवाची ४७ फुटांची लांकडी नाव असे. तिजवर जाणारांत मासे धरणारे होते, टेलिफोन खात्यांतील एक कामगार होता, आणि गांवच्या मद्यगृहाचा मालकही होता. (हें शेवटचें आमच्या कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, परंतु होतें तें असें होतें.)

असे लोक संकट नसतांच नाव पाण्यांत उतरवितात. दोर फेंकणें, अंधारांत दुसऱ्या जहाजाच्या कुशीस लागणें, जखमी मनुष्यास उचलून घेणें, इंजिन बंद पडल्यास काय करावें तें करणें, हेंच पुन्हां पुन्हां चालतें. पाहणारास कंटाळा येईल. हांक आल्यावर कांहीं मिनिटांत पोहोंचतां यावें म्हणून ते नावेपासून फार लांब राहत नाहींत. हल्लीं त्यांच्यापाशीं एक लहानसें यंत्र असतें. तें वाजलें कीं जेवणाच्या ताटावरूनही उठावयाचें. आणि आलेल्यांपैकीं कोणी जावें, कोणी मागें राहावें, हें तांडेल ठरवितो.

१९ डिसेंबर १९८१ च्या रात्रीं, नाताळास सहा दिवस उरले असतां, 'यूनियन स्टार' नांवाच्या मालवाहू जहाजाचें इंजिन बंद पडलें व वादळ त्यास खडकांकडे लोटूं लागलें. जहाजावर आठ जीव होते. त्यांत कप्तानाची पत्नी व तिच्या दोन मुली. आरमाराचें हेलिकॉप्टर आलें, परंतु त्यास कोणालाही उचलतां येईना. लाटा सुमारें ६० फूट उंच होत्या. पेनलीचा तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स, वय ५६, ह्याजपुढें लागत होते त्याहून अधिक लोक येऊन उभे राहिले. त्यानें सात निवडले. एक सतरा वर्षांचा मुलगा आपल्या बापाबरोबर आला होता. रिचर्ड्सनें बापास घेतलें व मुलास परत पाठविलें; अशा रात्रीं एका घरांतून एकच पुरे, असें त्याचें म्हणणें पडलें.

लाटेनें ती नाव एकदां जहाजाच्या डेकावर उचलून टाकिली, तरी ती पुन्हां त्याच्या बाजूस लागली. चौघांस घेतलें, असा तिचा निरोप बिनतारी यंत्रावर आला. त्यानंतर कांहीं ऐकूं आलें नाहीं. दोन्हीकडचे सोळाही जीव गेले.

त्या मुलाची इच्छा बापाहून कमी होती काय? नव्हती. मग त्यास कां नाकारिलें? आम्हांस असें वाटतें कीं, आपला जीव आपण देऊं शकतों. परंतु एका घराचे दोन जीव एका नावेंत घालण्याचा हक्क त्या घरांतील बाईस न विचारतां कोणास नाहीं. रिचर्ड्सनें घाईच्या क्षणींही तिचा विचार केला. कोणी म्हणेल, बाकीच्यांच्या घरीं बायकामुलें नव्हतीं काय? शिवाय आठांसाठीं आठ गेले, ह्यांत काय मिळविलें? पहिल्या प्रश्नास आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. दुसऱ्यास आहे. ते लोक जीवाच्या बदल्यांत जीव देण्यास गेले नव्हते. माणसें घेऊन घरीं परतण्यास गेले होते. त्यांच्यापाशीं नाव होती, दोर होता, सरावलेले हात होते, कोणास मागें ठेवावें हें जाणणारा तांडेल होता. जीव त्यांनीं सर्वांत शेवटीं दिला.

आमच्या शेतकऱ्यापाशीं तोच पहिला व तोच शेवटला होता, कारण बाकीच्यांनीं त्याच्या हातीं दुसरें कांहीं दिलेंच नव्हतें. त्याच्या उडीस आम्ही अविचार म्हणणार नाहीं. अविचार काठावर होता, आणि तो त्या दिवशींचा नव्हे, अनेक वर्षांचा होता. त्याची स्तुति करणें आम्हांस सोपें गेलें, हें आतां लिहितांना लाज वाटते.

माउझलास त्या दुर्घटनेनंतर एका दिवसाच्या आंत नव्या नावेसाठीं पुरेसे लोक पुढें आले. परत पाठविलेला तो मुलगाही पुढें ह्याच कामास लागला, व कांहीं वर्षांनीं स्वतः पेनलीच्या नावेचा तांडेल झाला.

त्या मळ्यांतील विहिरीवर आतां खुंटीस काथ्याचा दोर व ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब टांगली आहे. ती विधवेच्या दिरानें लाविली. महिन्यांतून एकदां दोर ओढून पाहावा असें गांवांत ठरलें होतें. मागील महिन्यांत आम्ही गेलों तेव्हां ट्यूबेंतील हवा गेलेली होती. सायकलचा पंप आणून ती भरली, आणि भोंवतीं जमलेल्या मुलांस विचारिलें कीं, पोहतां कोणास येतें? दोघांनीं हात वर केले.