पुरावा : परक्याचा आणि आपला

जी गोष्ट आपल्याला मनापासून प्रिय आहे, तिच्याकडे परक्याच्या नजरेनं पाहता येतं का? आणि येत असेल, तर तसं पाहणं हे आपलं कर्तव्य आहे का? प्रश्न तसा तत्त्वज्ञानाचा. मला मात्र तो पडला काही काळ्या दगडांमुळे.

मी व्यवसायानं पॅथॉलॉजिस्ट. पेशींच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. आमच्या कामात ‘आर्टिफॅक्ट’ हा शब्द रोज भेटतो. दिसायला अगदी पेशीसारखं, पण प्रत्यक्षात नुसता रंगाचा ठिपका, पडलेली घडी किंवा हवेचा बुडबुडा! डोळा फसतो, आणि गंमत म्हणजे, मनाला जे हवं असतं त्याच बाजूला तो बहुधा फसतो. म्हणून अवघड काचपट्टी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायची, तीही आपलं मत न कळवता, अशी आमची पद्धत आहे.

याच कारणानं विल्यम शॉप्फ या अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञाची कहाणी मला जवळची वाटते. तेही आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातच पाहत आले. फरक एवढाच, की त्यांच्या ‘पेशी’ अब्जावधी वर्षांपूर्वीच्या!

कहाणीची सुरुवात डार्विनपासून. १८५९ साली त्यानं आपला उत्क्रांतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्यापुढे एक मोठी अडचण होती. कँब्रियन काळाच्या, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या, खडकांत जीवाश्म भरपूर. पण त्याखालच्या थरांत जवळजवळ काहीच नाही. मग त्याआधीचे जीव गेले कुठे? याचं समाधानकारक उत्तर आपल्याकडे नाही, हे डार्विननं त्याच ग्रंथात स्वतःच लिहून ठेवलं.

उत्तर मिळायला जवळपास शतक गेलं. १९५३ साली स्टॅन्ली टायलर या भूवैज्ञानिकाला कॅनडात, लेक सुपीरियरच्या काठी, चर्ट नावाचा काळा, गारेसारखा कठीण दगड सापडला. उजेड आरपार जाईल इतका पातळ काप काढून पाहिलं, तर आत सूक्ष्म तंतू आणि गोल आकार! हार्वर्डच्या एल्सो बार्गहूर्न यांनी ते सूक्ष्मजीवांचे अवशेष असल्याचं ओळखलं. त्या दगडाचं वय सुमारे १९० कोटी वर्षं. आधीचे जीव हरवले नव्हते. ते डोळ्यांना दिसतील एवढे मोठेच नव्हते.

शॉप्फ हे याच बार्गहूर्न यांचे विद्यार्थी. कॉलेजात असतानाच त्यांनी डार्विनचं हे कोडं आपलं मानलं, आणि पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात राहून त्याचाच पाठपुरावा केला. १९९३ साली त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ‘एपेक्स चर्ट’मधले अकरा प्रकारचे तंतुमय सूक्ष्मजीव जगापुढे मांडले. वय सुमारे ३४६ कोटी वर्षं! पाठ्यपुस्तकांत ते पृथ्वीवरचे सर्वांत जुने जीवाश्म म्हणून छापले गेले.

खरी नैतिक कसोटी पुढेच आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये ‘नासा’नं पत्रकार परिषद घेऊन मंगळावरून आलेल्या एका उल्केत जीवसृष्टीच्या संभाव्य खुणा असल्याचं जाहीर केलं. त्या व्यासपीठावर शंका मांडण्यासाठी शॉप्फ यांनाच बोलावलं होतं. दावा जेवढा मोठा, तेवढा पुरावा भक्कम हवा, असा त्यांचा सूर होता. हे आकार फारच लहान आहेत, त्यांत पेशी असल्याचं काहीच दिसत नाही, असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं.

सहाच वर्षांत तेच माप त्यांना लावलं गेलं! ऑक्सफर्डच्या मार्टिन ब्रेझियर यांनी लंडनच्या संग्रहालयात ठेवलेले एपेक्सचे मूळ काप पुन्हा तपासले. मार्च २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की हे जीव नव्हेतच. उष्ण पाण्याच्या प्रवाहात खनिजांभोवती कार्बन साचून झालेले हे आकार आहेत. आमच्या भाषेत, आर्टिफॅक्ट! त्याच अंकात शॉप्फ यांचाही लेख होता: लेझर वापरून केलेल्या रासायनिक तपासणीचा, जीवाश्मांच्या बाजूचा.

शॉप्फ मागे हटले नाहीत. याला हट्ट म्हणायचा की निष्ठा? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आसक्ती वाईट, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण आसक्ती नसती तर एका दगडापाठी माणूस इतकी वर्षं राहिला असता का? २०१७ साली त्यांनी आणि विस्कॉन्सिनच्या सहकाऱ्यांनी त्याच दगडातल्या एकेका तंतूतल्या कार्बनचं मोजमाप प्रसिद्ध केलं, सूक्ष्मजीवांशी जुळणारं. तरीही सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. ब्रेझियर २०१४ साली गेले. वाद त्यांच्यामागेही उरला.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ते काप संग्रहालयात होते! कुणीही यावं, मागावं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. माणसाला स्वतःच्या दाव्याचा मोह सुटत नाही, हे मान्य करूनच ही व्यवस्था उभी आहे. निःपक्षपाती मन प्रत्येकाला साधेलच असं नाही. पण आपला पुरावा विरोधकाच्या हाती देणं मात्र ज्याला त्याला साधण्यासारखं आहे.

ही शिस्त आपल्याला परकी आहे असं कुणी म्हणू नये. आपल्या शास्त्रकारांची रीतच होती: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. विरोधकाचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मगच आपलं. पूर्वपक्ष लंगडा मांडला, तर आपलाच सिद्धांत कच्चा राहतो.

आणि आपण? परदेशात मुलं वाढवताना आपण त्यांना कितीतरी गोष्टी अभिमानानं सांगतो. त्यांतल्या बऱ्याच खऱ्या आहेत: शून्याची, आर्यभटाची. काही मात्र कुणाच्या तरी फोनवरून आलेल्या असतात. “हे कशावरून?” असं मुलगी विचारते, तेव्हा घरात जरा शांतता पसरते. दुसऱ्याच्या धर्माबद्दल, देशाबद्दल असाच निरोप आला असता तर आपण पहिला प्रश्न हाच विचारला असता, नाही का?

मला वाटतं, तिचा प्रश्न हा अपमान नव्हे. तो पूर्वपक्ष आहे. तो ऐकून घेतल्यावर जे टिकेल, ते तिचं स्वतःचं होईल. जे टिकणार नाही, ते जपत बसण्याची आपल्या संस्कृतीला गरज नाही. ती त्याहून पुष्कळ मोठी आहे.