कासवीची दृष्टी

माउली, कासवीचा दृष्टांत आपल्या संप्रदायात लहानथोरांना ठाऊक आहे. कासवी पिलांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही. दूर राहून नुसत्या दृष्टीने त्यांचे पोषण करते. तशीच भक्तावर पांडुरंगाची कृपादृष्टी. चाळीस वर्षे कीर्तनसेवेत हे सांगितले. खरी कासवी कुठे राहते, काय करते, हे मात्र कधी विचारले नव्हते.

यंदा फाल्गुनात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर जाणे झाले. तेथे समजले ते असे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवी रात्री वाळूवर चढते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा फिरकत नाही. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर येतात, तेव्हा आई तेथे नसते. वाळूची ऊब हीच त्यांची दाई.

ऐकून मन चरकले. मग मी इतकी वर्षे खोटे बोललो काय?

शास्त्र सांगते, दृष्टांत एकदेशी असतो. त्याचा एक अंश घ्यायचा. कृपेचा सिद्धांत कासवीवर उभा नाही, म्हणून तो ढळत नाही. पण एवढ्यावर समाधान होईना. तेवढ्यात समोर पिले सोडली गेली.

पूर्वी येथील अंडी माणसे नेत, कुत्री-कोल्ही उकरून खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला आरंभ केला. अंडी अलगद उचलून कुंपणात तशाच खड्ड्यात ठेवतात. पिले निघाली की पाण्यापासून थोडी दूर सोडतात; पुढची वाट त्यांची त्यांनी चालायची. पाहणारे दोरीमागे. एक पिलू लाटेने उलटे मागे फेकले, तसा माझाच हात पुढे गेला. राखणदार तरुण हळूच म्हणाला, "बाबा, राहू द्या. जाईल त्याचं ते." आणि ते गेले.

शेजारी कोणी मोबाईलचा दिवा लावला, तोही त्याने विझवायला लावला. पिले उजेडाकडे धावतात. समुद्रावरचा मोकळा उजेड हीच त्यांची खूण. आपल्या हौसेचा दिवा त्यांची वाट चुकवतो.

मग तेथे जाऊच नये काय? तसे नाही. पाहुणे गावातल्या घरी उतरतात, जेवतात. त्या चार पैशांनी राखणीला बळ येते. जाण्यात दोष नाही, हाताळण्याच्या हव्यासात आहे. आपण वारकऱ्यांना हे अवघड नसावे. आषाढीच्या गर्दीत पायांवर डोके टेकता आले नाही, तरी कळस पाहून आपण तृप्त मनाने परततो. जे आपले नाही, ते डोळ्यांनी घ्यावे आणि हात मागे ठेवावा, हेही दर्शनच.

त्या किनाऱ्यावर कासवीची दृष्टी मला दिसली, पण ती कासवीपाशी नव्हती. जवळ असून न पकडणाऱ्या, जपून दूर उभ्या राहणाऱ्या माणसांपाशी होती. दृष्टांत मी आजही सांगेन. मात्र आता त्यापुढे स्वतःला विचारीन, "बुवा, ती दृष्टी तुझी झाली का?" त्या दिवशी हात पुढे गेला होता, एवढे खरे.

रामकृष्ण हरी.