फुलबॅकचे नित्य आणि नैमित्तिक

फुटबॉलमध्ये फुलबॅक म्हणजे बचावफळीच्या उजव्या किंवा डाव्या टोकाला उभा राहणारा खेळाडू; प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला, म्हणजे बगलेतून चाल करणाऱ्या खेळाडूला, थोपवणे हे त्याचे ठरलेले काम. आज मात्र शाळकरी संघांचे प्रशिक्षकही त्याला ही जागा सोडून विरोधी गोलाच्या दिशेने धावायला शिकवतात, आणि या शिकवणीत धर्मशास्त्रातला एक जुना प्रश्न नकळत दडलेला असतो: कर्तव्य जागेशी बांधलेले असते की प्रसंगाशी, आणि जागा सोडणारा कर्तव्यही सोडतो काय?

पूर्वमीमांसा, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणारे दर्शन, कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद करते. संध्यावंदनासारखे नित्यकर्म रोज करायचे असते आणि ते टाळले तर प्रत्यवाय, म्हणजे न केल्याचा दोष, लागतो असे परंपरा मानते; ग्रहणातले स्नान हे नैमित्तिक, कारण ते निमित्त घडल्यावरच करायचे; तर काम्य कर्म विशिष्ट फळाची इच्छा धरून केले जाते. फुलबॅकचा बचाव हे त्याचे नित्यकर्म, याविषयी वाद नसावा. (नव्वद मिनिटे त्याने विंगरला रोखून धरले तर त्याचे नाव कोणी घेत नाही, एकदाच चुकला तर सारे प्रेक्षागृह घेते, प्रत्यवायाचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.) प्रश्न आहे तो त्याच्या चढाईचा. ती नैमित्तिक की काम्य?

चांगला प्रशिक्षक याचे उत्तर शब्दांत देत नाही, सरावात देतो. शंकू मांडून आखलेल्या बगलेच्या अरुंद पट्ट्यात विंगर आणि फुलबॅक अशा दोघांसमोर तो एकच बचावपटू उभा करतो आणि ओव्हरलॅप, म्हणजे चेंडू बाळगणाऱ्या सहकाऱ्याच्या बाहेरच्या बाजूने मागून पुढे जाणारी धाव, पुन्हा पुन्हा करून घेतो. विंगर चेंडू घेऊन आत वळतो, बचावपटू त्याच्या मागे एक पाऊल टाकतो आणि सीमारेषेलगतचा पट्टा मोकळा होतो. ते एक पाऊल हेच निमित्त. ते पडण्याआधी धाव घेतली तर बचावपटू सावध होऊन बाहेरच राहतो, आणि फार उशिरा घेतली तर विंगरला चेंडू घेऊन थांबावे लागते. मात्र निमित्त घडले म्हणून लगेच निघायचे असेही नाही. निघण्यापूर्वी फुलबॅकने मान वळवून मागे पाहायचे असते: बचावाकडे लक्ष ठेवणारा मध्यरक्षक आपल्या बाजूला सरकला आहे काय, पलीकडचा फुलबॅक आत येऊन मधल्या बचावपटूंना मिळाला आहे काय. नित्यकर्म टळत नाही, ते तेवढ्यापुरते दुसऱ्याच्या अंगावर जाते. ते घेणारा कोणी नसेल तर तीच धाव गोलाच्या हव्यासाने केलेले काम्य कर्म ठरते.

अशा धावांपैकी अनेकींत चेंडू फुलबॅकपर्यंत पोचतच नाही. तो चाळीस मीटर धावतो, बचावपटू त्याच्याकडे ओढला जातो, आणि मोकळा झालेला विंगर आत वळून फटका मारतो. येथे गीतेतील निष्काम कर्माची आठवण होणे साहजिक आहे, परंतु ती जपूनच काढलेली बरी, कारण या धावपटूला फळ हवेच असते. ते दुसऱ्याच्या ओंजळीत पडते एवढेच. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) ज्या लोकसंग्रहावर, म्हणजे समाजाची घडी टिकवण्यासाठी करायच्या कर्मावर, भर दिला, ती कल्पना या धावेला अधिक शोभते.

इतिहासात या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा एकाच माणसाच्या वाट्याला आली. एलेनियो एरेरा यांचा इंटर मिलान संघ ‘कातेनाच्चो’साठी ओळखला जाई, या इटालियन शब्दाचा अर्थ दाराचा अडसर, आणि पद्धतही तशीच, गोलाचे दार लावून घेणारी. याच संघात मुळात आघाडीवर खेळलेल्या जाचिंतो फाकेत्तीला डावा फुलबॅक करण्यात आले, आणि 1965च्या युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूलविरुद्ध तिसरा गोल त्याने पुढे धावत जाऊन केला. त्याला ही मोकळीक होती, कारण उजवीकडचा तार्चिझियो बुर्ग्निच सहसा मागेच थांबे. एकाचे नैमित्तिक दुसऱ्याच्या नित्यावर उभे होते, हे कौतुक करणाऱ्यांना फारसे आठवत नाही.

21 जून 1970 रोजी मेक्सिको सिटीतील अझ्टेका मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हाच फाकेत्ती इटलीच्या डाव्या बाजूला होता. ब्राझीलच्या जायरझिन्होवर नजर ठेवणे हे त्याचे काम, आणि तो जाईल तिकडे जाणे ही त्याची रीत. म्हणजे त्याचे कर्तव्य जागेशी नव्हे, एका माणसाशी बांधलेले होते. शहाऐंशी मिनिटे ते पाळून झाल्यावर जायरझिन्हो आपली उजवी बाजू सोडून पार डावीकडे गेला आणि फाकेत्ती इमानाने त्याच्यामागे गेला. जायरझिन्होने चेंडू पेलेकडे दिला, पेलेने मान न वळवता तो उजवीकडच्या ओसाड पट्ट्यात सरकवला, आणि मागून धावत आलेल्या उजव्या फुलबॅकने, कर्णधार कार्लोस अल्बर्टोने, तो पहिल्याच फटक्यात जाळ्यात धाडला. ब्राझीलने सामना 4-1 असा जिंकला.

चढाई करणाऱ्या फुलबॅकची कीर्ती मिळवलेल्या माणसाने सोडलेल्या पट्ट्यातूनच हा गोल झाला, आणि तरीही त्याला प्रत्यवाय लागला असे म्हणता येत नाही, कारण सांगितलेले कर्म त्याने शेवटपर्यंत सोडले नव्हते. चूक होती ती कर्तव्य एका माणसाला जखडून टाकण्याच्या व्यवस्थेत. ब्राझीलची व्यवस्था निराळी होती. त्या गोलाची सुरुवात जिथे झाली तिथे, स्वतःच्या बचावफळीपर्यंत मागे येऊन इटलीकडून चेंडू हिसकावून घेणारा खेळाडू होता टोस्टाव, त्या संघाचा सेंटर फॉरवर्ड.